दोन वह्या

माझ्या कपाटात दोन वह्या शेजारी शेजारी ठेवलेल्या आहेत. एक सासूबाईंची, लाल पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली. आयुष्यभर त्यांनी काय काय सोडलं त्याची नोंद तिच्यात आहे. कोणत्या चातुर्मासात दही सोडलं, कोणत्या वर्षी गूळ, अष्टमी-चतुर्दशीची हिरवी भाजी कधीपासून बंद, सगळं तिथीवार. दुसरी वही माझी, साधी शाळेची, दोनशे पानी. मी काय काय परत खायला लागले ते तिच्यात लिहिलं आहे. पहिली वही घरी पाहुणे आले की कौतुकाने बाहेर निघते. दुसरी मी आजवर कुणाला दाखवली नव्हती.

आज दाखवते. सोडण्याचा इतिहास आपल्या समाजात लहान पोरीलाही पाठ असतो. परत घेण्याचाही तेवढाच जुना इतिहास आहे, आणि तो विसरल्यामुळे मी एकदा चांगलीच आपटले, म्हणून.

सावरगाव जाम नदीच्या एका काठावर, पांढुर्णा दुसऱ्या काठावर. बोली मराठी, पण राज्य मध्य प्रदेश. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि आम्ही त्याच्यासोबत राहिलो. 2023 मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून आमचा वेगळा जिल्हा झाला. तरी मोठं दुखणं आलं की पाय वळतात ते नागपूरकडेच. माझेही तसेच वळले, जानेवारी 2020 मध्ये.

दुखणं म्हटलं तर साधं. जेवण झालं की तासाभरात पोट नगाऱ्यासारखं फुगायचं. कधी कळ, कधी संडासला धावाधाव, कधी चार दिवस काहीच नाही. चूर्णं झाली, काढे झाले. मग कुणीतरी सांगितलं म्हणून एका ठिकाणी महागडी रक्ततपासणी केली. रिपोर्ट आला तो रंगीत. चाळीसेक पदार्थ लाल, पिवळ्या आणि हिरव्या रकान्यांत मांडलेले. बदाम लाल, वांगं लाल, गहू पिवळा. मी तो नागपूरच्या डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी तो बघून बाजूला सरकवला आणि म्हणाले, "हे ठेवा घरी. आपण साध्या रीतीने बघू. दूध, गहू, तूर, हरभरा, शेंगदाणे सहा आठवडे बंद. मग या. एकेक परत सुरू करू."

एकेक परत सुरू करू. हे शब्द मी ऐकले, पण मनात ठेवले नाहीत. मनात राहिलं ते फक्त "बंद".

कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा तर आमच्या घरात कधी नव्हतेच. त्यात ही पाच नावं गेली. उरलं काय? भात, ज्वारीची भाकरी, मुगाचं पातळ वरण, दुधी, दोडकं आणि आमच्या भागातली संत्री. शेजारची काकू ताटात डोकावून म्हणाली, "अवं माय, मंग खातेस काय तू? हवा?"

पण पोट हलकं झालं, हे खरं. तिसऱ्या आठवड्यात मला वाटलं, पुन्हा जन्मले. सहा आठवडे संपायला आले आणि मार्चमध्ये टाळेबंदी लागली. नागपूरचा रस्ता बंद. डॉक्टरांकडे जाणं राहिलं ते राहिलंच. पुढे चातुर्मास लागला. मंदिरात बायका विचारू लागल्या, दूध नाही, दही नाही, गहू नाही, कोणता नियम घेतला? मी आधी सांगून पाहिलं की डॉक्टरांनी सांगितलंय. पण ते कुणाच्या कानात शिरत नव्हतं. "केवढा रसपरित्याग!" असं एकीने म्हटलं आणि मी गप्प राहिले. खोटं बोलले नाही, पण खरंही सांगितलं नाही. कौतुक कुणाला नको असतं? सहा आठवड्यांचं पथ्य दीड वर्षाचं कधी झालं ते मलाही कळलं नाही.

2021 च्या दशलक्षणात मंदिराच्या पायरीवर डोळ्यांपुढे अंधार आला आणि मी बसल्या जागी कोसळले. तपासण्या झाल्या. हिमोग्लोबिन आठच्या आसपास, बी-12 अगदी तळाला. डॉक्टर दुसरे होते. त्यांनी विचारलं, "शाकाहारी ना तुम्ही? मग दूध-दही तरी घेता?" मी मान हलवली. ते म्हणाले, "बी-12 झाडपाल्यातून मिळत नाही हो. तुमच्यासारखीचा तो एकच दरवाजा होता. तो तुम्ही लावून घेतलात."

इंजेक्शनं सुरू झाली. आणि मी पडल्या पडल्या वाचायला लागले, की हे सोडायला लावणं आणि परत द्यायला लावणं आलं तरी कुठून?

'अ‍ॅलर्जी' हा शब्दच मुळात 1906 चा. व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्केट या बालरोगतज्ज्ञाने तो घडवला. खाण्याच्या बाबतीत संशयितांची यादी सोडून बघायची पद्धत बसवली ती कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या अल्बर्ट रो यांनी, 1920 च्या दशकात. कातडीवर टोचून केलेल्या चाचण्या खाण्याबाबत नेहमी खरं बोलत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. म्हणून ते रोग्याला मोजक्या, सहसा न बाधणाऱ्या पदार्थांवर ठेवायचे. बरं वाटलं की एकेक पदार्थ परत ताटात. 1931 साली त्यांनी यावर मोठं पुस्तकच लिहिलं. या पद्धतीत सोडणं ही नुसती तयारी आहे. खरी परीक्षा परत देताना होते. मी तयारीलाच परीक्षा समजून बसले होते.

परत न देता नुसत्या सोडण्यावर विश्वास ठेवला तर शहाणी माणसंही कशी फसतात, याची एक गोष्ट आहे. काही मुलांचं पोट फुगायचं, हातापायांच्या काड्या व्हायच्या, जुलाब थांबायचे नाहीत. सीलिअ‍ॅक नावाचा हा आजार. 1924 मध्ये न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी अशा मुलांना केळ्यांवर ठेवलं. दिवसाला चार ते आठ केळी, आणि ब्रेड, बिस्किटं, धान्यं बंद. मुलं सुधारली. श्रेय मिळालं केळ्याला. पुढे कितीतरी वर्षं डॉक्टर केळ्याचे गुण गात राहिले. ताटातून गहू गेला होता, इकडे फारसं कुणी बघितलंच नाही.

बघितलं ते हॉलंडच्या विलेम डिके यांनी. हेगच्या मुलांच्या दवाखान्यात ते 1930 च्या दशकापासूनच गहू काढून बघत होते. 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, ब्रेड मिळेना. तेव्हा त्यांचा संशय आणखी पक्का झाला. पण त्यांनी तिथे समाधान मानलं नाही. युद्धानंतर सहकाऱ्यांसोबत त्यांनी मुलांच्या आहारात गहू घातला, काढला, पुन्हा घातला, आणि दर वेळी विष्ठेतली चरबी मोजली. गहू दिला की चरबी वाढायची, तांदळाने वाढायची नाही. 1950 साली त्यांनी उत्रेख्टला प्रबंध सादर केला. केळं निर्दोष होतं आणि बिनकामाचंही. गुन्हेगार सापडला तो सोडल्यामुळे नाही, परत दिल्यामुळे.

पुढे पद्धत आणखी कडक झाली. पदार्थ कॅप्सूलमध्ये लपवून द्यायचा. आत काय आहे ते रोग्याला ठाऊक नाही, देणाऱ्यालाही नाही. 1976 साली अमेरिकेत चार्ल्स मे यांनी दम्याच्या मुलांवर अशी परीक्षा केली. अशा परीक्षांमधून पुन्हा पुन्हा दिसलं की ज्या पदार्थांवर घरच्यांचा पक्का संशय असतो, त्यांतले बरेच निर्दोष सुटतात. माझ्या त्या रंगीत रिपोर्टचंही कळलं. त्यात आयजीजी नावाची प्रतिपिंडं मोजलेली होती. ती अंगात असली म्हणजे आपण तो पदार्थ खात आलो एवढंच बहुतेक वेळा समजतं. युरोपच्या अ‍ॅलर्जी संघटनेने 2008 मध्येच सांगून ठेवलं होतं की तिच्यावरून खाणं बंद करू नये. पैसे गेले, आणि वांगं उगाच वर्षभर बदनाम झालं.

आणखी एक गोष्ट वाचून तर हसूच आलं. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात पीटर गिब्सन आणि सू शेफर्ड यांनी 2005 मध्ये एक विचार मांडला. काही प्रकारच्या साखरा आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत, पुढे जाऊन आंबतात, वायू करतात. त्यावरून संवेदनशील पोटासाठीचा आहार निघाला. त्यात आधी काय सोडायचं? कांदा आणि लसूण! सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "एवढ्यासाठी ऑस्ट्रेलियाला काहून जावं लागलं?" पण त्याच आहारात सोडण्याची मुदत दोन ते सहा आठवडे, त्यापुढे परत घेणं सक्तीचं. हे मात्र आमच्या स्वयंपाकघरात कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं.

की ठेवलेलं होतं?

माझ्या आत्या पंचाहत्तरीच्या. रोज दुपारी त्यांच्याकडे स्वाध्याय चालतो. मी दूध परत सुरू करणार हे कळल्यावर घरात कुजबुज झाली होती. जाऊबाई स्पष्टच म्हणाल्या, "सोडलेलं परत तोंडाला लावायचं? मंग नियमाला काय अर्थ?" माझ्याही मनात तो काटा होताच. मी आत्यांकडे गेले. त्यांनी एकच विचारलं.

"हा यम होता का नियम?"

मला उत्तर देता येईना.

"मुनींसमोर, नाही तर देवासमोर प्रत्याख्यान घेतलं होतं?"

"नाही."

"मंग ते व्रत नव्हतंच. पथ्य होतं. बस इथं."

आणि त्यांनी आचार्य समंतभद्रांचा रत्नकरंड श्रावकाचार उघडला. कितीदा वाचला असेल मी तो, पण पोट धरून कधी वाचला नव्हता. तिथे त्यागाचे दोन प्रकार स्पष्ट सांगितले आहेत. जो मर्यादित काळासाठी तो नियम, जो जन्मभरासाठी तो यम. म्हणजे नियमाला शेवट असणं हा दोष नाही, ती त्याची व्याख्याच आहे. तिथेच आणखी एक शब्द आहे, अनिष्ट. ज्यात त्रस जीवांचा घात होतो, ज्यात बहुघात होतो, ज्याने प्रमाद होतो, ते तर सोडायचंच. पण जे एरवी भक्ष्य आहे आणि आपल्या प्रकृतीला मानवत नाही, तेही अनिष्ट म्हणून सोडायचं. डॉक्टर ज्याला आज संवेदनशीलता म्हणतात, त्याला आपल्या श्रावकाचारात केव्हाच जागा दिलेली आहे. मात्र अनिष्ट ठरतं ते माणसागणिक. माझं अनिष्ट ते तुमचं असेलच असं नाही. आणि माझं खरंच अनिष्ट कोणतं, हे खाऊन पाहिल्याशिवाय मला तरी कसं कळणार?

"आणि सोळाकारण भावना म्हणतेस ना भादव्यात?" आत्या म्हणाल्या. "शक्तितस्त्याग, शक्तितस्तप. शक्ती पाहून. पायरीवर पडेपर्यंत नाही."

त्या दिवशी घरी येताना काटा निघाला होता. मी सासूबाईंसारख्या यम घेणाऱ्यांना कमी लेखत नाही. त्यांनी विचार करून, देवापुढे, जन्मासाठी सोडलं. मी सोडलं ते औषधाच्या चिठ्ठीवरून, आणि मिरवलं मात्र व्रतासारखं. चूक सोडण्यात नव्हती, त्या दोहोंच्या गल्लतीत होती.

आयुर्वेदातही मग शोधलं. चरकसंहितेत सांगितलं आहे की रोगाची लक्षणं लपलेली असतील तर उपशय आणि अनुपशय यांवरून रोग ओळखावा. म्हणजे काय दिल्याने बरं वाटतं आणि काय दिल्याने बिघडतं ते बघून. वमन-विरेचन झाल्यावर तर परत खाण्याची अख्खी शिडीच आहे, संसर्जनक्रम. आधी पेज, मग घट्ट पेज, मग बिनफोडणीचं कढण, मग फोडणीचं, असं करत शुद्धी जेवढी मोठी तेवढे तीन, पाच किंवा सात दिवस. विझत आलेल्या विस्तवाला गवत, शेणकूट घालून हळूहळू पेटवतात तसा जठराग्नी पेटवावा, असा तिथला दृष्टान्त आहे. अंगवळणी पडलेलं वाईट सोडायचं आणि चांगलं धरायचं तेही चरक एकदम करू देत नाही, पावापावाने करायला सांगतो.

आणि आपलं पारणं? भगवान ऋषभदेवांना वर्षाहून अधिक काळ आहार मिळाला नाही. मग हस्तिनापूरला श्रेयांस राजाने त्यांना इक्षुरसाचा आहार दिला. म्हणून अक्षय तृतीया. आपण उपवासाचे दिवस मोजतो, त्यांची मिरवणूक काढतो. पण सण म्हणून लक्षात ठेवला आहे तो पारण्याचा दिवस. माझ्या माहेरी दहा उपवास करणाऱ्याला आजी आधी कोमट पाणी द्यायची, मग मुगाचं पाणी, संध्याकाळच्या आत पातळ खिचडी. कुणी लाडू पुढे केला तर हात बाजूला करायची. संसर्जनक्रम हा शब्द तिला ठाऊक नव्हता.

आता माझी वही.

आहारतज्ज्ञ बाईंनी रीत घालून दिली. एका वेळी एकच पदार्थ. पहिल्या दिवशी थोडा, दुसऱ्या दिवशी दुप्पट, तिसऱ्या दिवशी नेहमीएवढा. मग तीन दिवस पुन्हा पथ्यावर. त्रास झाला नाही तरी तो पदार्थ लगेच रोजच्या ताटात घ्यायचा नाही, सगळ्यांची पाळी संपेपर्यंत थांबायचं. वेळ, प्रमाण, त्यानंतर काय झालं, सगळं लिहायचं. आणि त्यांनी बजावून सांगितलं की ज्याला पूर्वी एखाद्या पदार्थाने ओठ-घसा सुजला, श्वास अडकला, चक्कर आली, त्याने हे घरी मुळीच करायचं नाही, ते दवाखान्यातच.

एकच पदार्थ का, हे सावरगावच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा, आणि मग एका काठावरून सावरगावचे, दुसऱ्यावरून पांढुर्ण्याचे दगड फेकतात. गोटमार. आमच्या घरात त्या दिवशी दारं लावलेली असतात. लहानपणापासून मी पाहत आले, कपाळ फुटून आलेल्या माणसाला विचारा दगड कुणाचा, त्याला सांगता येत नाही. दगड शंभर आणि जखम एक. पुरणपोळीचंही तसंच. गहू, हरभरा, वर तूप, सोबत दूध. पोट फुगलं तर दगड कुणाचा?

म्हणून एकेक. पहिलं दही, कारण बी-12 ची घाई होती. दोन चमचे, मग अर्धी वाटी, मग वाटीभर. काही झालं नाही. वहीत मी लिहिलं आहे, "दही – शांत." पुढचं दूध. चहापुरतं चाललं, अर्धा कप चालला, पेलाभर घेतलं त्या रात्री पोटात गुडगुड. म्हणजे दूध शत्रू नव्हतं, पेला मोठा होता. लहानपण सरलं की दुधातली साखर पचवणारं पाचकद्रव्य पुष्कळ लोकांत कमी होतं. दह्यात त्या साखरेचा काही भाग विरजणानेच खाऊन टाकलेला असतो.

मग गहू. अर्धा फुलका, एक, दोन. शांत. चौथ्या फुलक्याला फुगलं. शेंगदाणे तर पूर्ण निर्दोष निघाले. त्या दिवशी मी वहीत काही लिहिलंच नाही. बसून रडले. दीड वर्ष मी भाजीत कूट घातला नव्हता, काही कारण नसताना. तुरीचं पातळ वरण, तेही शांत.

हरभऱ्याला मात्र दुसऱ्याच दिवशी रात्री नगारा वाजला. पिठलं अर्धी वाटी. मी पंधरा दिवस थांबले आणि पुन्हा केलं, कारण डिकेंनीही पुन्हा केलं होतं. पुन्हा नगारा. इथे आपल्या चौक्याची शिस्त कामी आली. द्विदळ नको म्हणून डाळ आणि दही आमच्याकडे एका घासात कधी येतच नाहीत, त्यामुळे कोणाचं काय ते वेगळं कळलं. पाच संशयितांतला एक पक्का, दोन प्रमाणाबाहेर गेले तरच त्रासदायक, दोन निर्दोष. यासाठी तीन महिने लागले. सोडायला एक दिवस पुरला होता.

प्रमाणाची ही गोष्ट एका माणसापुरती नाही. आपल्याकडे एक डाळ अशीच अख्ख्या समाजाच्या ताटातून काढली गेली. लाखोळी, म्हणजे लाख. आमच्या हिंदी शेजाऱ्यांची तिवडा. धानाच्या ओलीवर, पाणी न मागता येणारं गरिबाचं पीक. कर्नल स्लीमनने 1844 च्या आपल्या पुस्तकात सागरकडची हकीकत लिहिली आहे. गहू बुडाला, लोकांनी वर्षानुवर्षं तिवड्यावरच दिवस काढले, आणि धडधाकट तरुणांचे पाय कायमचे गेले. 1961 मध्ये अन्नभेसळीच्या नियमांखाली तिच्या विक्रीवर बंदी आली. 1964 साली बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातलं विषारी द्रव्य वेगळं करून दाखवलं. पण शेतात ती पिकतच राहिली आणि खाल्लीही जात राहिली. नागपूरचे शांतिलाल कोठारी बंदीविरुद्ध वर्षानुवर्षं झगडले, उपोषणाला बसले. 2008 मध्ये महाराष्ट्राने ती बंदी उठवली. वाद अजून मिटलेला नाही, आणि माझ्यासारखीने तो मिटवू नये. पण त्यातलं एवढं मी घेतलं, की पाय गेले ते ज्यांच्या ताटात महिनोन्‌महिने दुसरं काही नव्हतंच त्यांचे. भात-भाजीसोबत थोडी खाणाऱ्यांचे नाहीत. भिजवून, शिजवून वरचं पाणी फेकलं तर विषही कमी होतं. पदार्थाला दोषी ठरवण्याआधी किती आणि किती दिवस, हे विचारावं लागतं.

आणि सोडणं निदान निरुपद्रवी तरी असतं, या समजुतीलाही धक्का बसला आहे. 1998 मध्ये ब्रिटनने आणि 2000 मध्ये अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं की धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका. अ‍ॅलर्जी मात्र वाढतच गेली. मग लंडनच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की इस्रायलमध्ये बाळं लवकर शेंगदाण्याचे कुरमुरे चघळतात आणि तिथे ही अ‍ॅलर्जी फारच कमी आहे. त्यांनी धोका असलेली 640 बाळं घेतली. निम्म्यांना देखरेखीखाली शेंगदाणा दिला, निम्म्यांना नाही. निकाल 2015 मध्ये आला. पाच वर्षांची होईतो न खाणाऱ्यांत शंभरात सतराजणांना अ‍ॅलर्जी, खाणाऱ्यांत तिघांना. सोडलेल्या अन्नाशी शरीराची ओळखच होत नाही, आणि अनोळखी माणसावर आपण भुंकतो तसं ते भुंकतं.

पुढच्या पोळ्याला मी पुरण घातलं. हरभऱ्याची डाळ रात्रभर भिजवली, ते पाणी टाकलं, भरपूर पाण्यात शिजवली, कट निथळून काढला. जी साखर मला बाधते ती पाण्यात उतरणारी आहे, म्हणजे बरीचशी कटात गेली. कटाची आमटी घरच्यांनी खाल्ली, मी नाही. मी अर्धी पोळी घेतली, वर तूप. जाऊबाई बघत होत्या. रात्री वहीत लिहिलं, "पुरणपोळी, अर्धी – शांत."

लिहिताना सासूबाई शेजारी होत्या. म्हणाल्या, "माझी वही काढ." मी ती हजारदा पाहिली होती, पण नेहमी डावीकडची बाजू, जिथे सोडल्याची तिथी आहे. त्यांनी बोट ठेवलं ते उजव्या कडेला, बारीक अक्षरांवर. दही, आषाढ शुक्ल चतुर्दशी. आणि कडेला, "कार्तिक पौर्णिमा, पूर्ण. मुगाच्या पाण्याने." गूळ, तसंच. प्रत्येक नियमापुढे एक शेवटची तिथी आणि परत घेतलेला पहिला घास. फक्त दोन ओळींपुढे ती जागा कोरी होती. ते त्यांचे यम.

पाहुण्यांना वही दाखवताना ती बाजू आम्ही कधी वाचून दाखवलीच नव्हती. आता दाखवतो.